भाडे कोणाचे, भूमी कोणाची?

गेली काही वर्षे आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षित मंडळींच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते : "फादर, परदेशी पैसा आला म्हणून नवी मुंबई उभी राहिली." नव्या घराला आशीर्वाद दिल्यानंतर, चहाचा पेला हाती येता येता, हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की आता त्याचा लेखी प्रतिवाद करणेच बरे.

नवी मुंबई परदेशी पैशावर उभी राहिलेली नाही. ती ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या भातखाचरांवर व मिठागरांवर उभी राहिली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि 'सार्वजनिक प्रयोजन' या दोन भारदस्त शब्दांखाली आगरी-कोळी कुटुंबांची जमीन संपादित झाली. योग्य मोबदला मागणाऱ्या पाच जणांना जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात प्राण गमवावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यामुळेच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. अहाब राजानेही नाबोथाला द्राक्षमळ्याचा मोबदला देऊ केला होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

परदेशी भांडवल आले ते या सर्वांनंतर. २००५ साली केंद्र सरकारने बांधकाम व वसाहत-विकासात शंभर टक्के परकीय गुंतवणुकीस मुभा दिली, तेव्हा किमान २५ एकर भूखंड किंवा ५० हजार चौरस मीटर बांधकाम अशी अट होती. २०१४ मध्ये ती सैल झाली, २०१५ मध्ये गेलीच. नफ्यासाठी जमिनीची नुसती खरेदी-विक्री करण्यास परकीय भांडवलाला आजही मनाई आहे. मात्र बांधून तयार असलेल्या इमारतीचे भाडे घेणे हा त्या व्याख्येत 'स्थावर मालमत्तेचा व्यवसाय' ठरत नाही! शब्दांचा हा खेळ ज्याने रचला त्याच्या बुद्धीला दाद द्यावी तितकी थोडी.

मग हा पैसा गेला कुठे? सिडकोच्या जमिनीवर, सीवूड्स रेल्वे स्थानकाशी उभा राहिलेला मॉल अमेरिकेच्या ब्लॅकस्टोनने २०१८ मध्ये घेतला, आणि २०२३ मध्ये तो एका 'रीट'चा भाग होऊन भांडवल बाजारात आला. ऐरोलीची कार्यालय-संकुले २०२० मध्ये अशाच दुसऱ्या रीटमधून तेथे पोहोचली. रीट म्हणजे भाडे गोळा करून वाटणारा न्यास. त्याने आपली किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेल्या, भाडे देणाऱ्या वास्तूंत ठेवावी आणि वाटपयोग्य रकमेपैकी किमान ९० टक्के वाटून टाकावी, असा सेबीचा नियम आहे. आपल्या तरुणांना ऐरोलीत नोकऱ्या मिळाल्या, हे मी नाकारत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक धुरापेक्षा त्या काचेच्या इमारती बऱ्या, हेही मान्य. परंतु या पैशाने आपल्यासाठी घरे बांधली, असे कृपा करून म्हणू नका. घराचे वार्षिक भाडे त्याच्या किमतीच्या शेकडा दोन-तीन टक्के पडते, कार्यालयाचे त्याच्या दुपटीहून अधिक. ज्याला भाडेच हवे, तो घरे कशाला बांधील? अशा जागतिक निधींत परदेशांतील शिक्षिका-परिचारिकांच्या निवृत्तिवेतनाचा पैसाही असतो. त्यांची म्हातारपणाची सोय आपल्या भाड्यातून होते, आणि त्याच पेशातील आपली मुलगी कर्जत-वांगणीकडे घर शोधते.

सारा दोष परक्यांच्या माथी मारणे हेही ढोंगच. नेरूळच्या सीवूड्स भागात सिडकोने अनिवासी भारतीयांसाठी वसाहत बांधली, तिला लोक आजही 'एनआरआय संकुल' म्हणतात. आखातात राबणाऱ्या आपल्या बांधवांनी कष्टाच्या दिनारांतून येथे घरे घेतली, त्यात पाप नाही. पण दुसरे, तिसरे घर कशासाठी? उलवे-खारघरच्या मनोऱ्यांतून संध्याकाळी आशीर्वाद देऊन उतरताना मी दिवे लागलेल्या खिडक्या मोजतो (ही माझी वाईट खोड). पुष्कळदा अंधाराच्याच खिडक्या अधिक भरतात. अटल सेतू २०२४ मध्ये झाला, विमानतळ २०२५ मध्ये. भाव आणखी चढतील, म्हणून कुलूप काढायचे नाही, असा हिशेब.

सिडकोने जमीन सहसा कायमची विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. मालकी सार्वजनिक संस्थेची असताना, अशी मालमत्ता शेकडो कोटींना हात बदलते तेव्हा वाढलेल्या किमतीचा एक ठरावीक वाटा भाड्याच्या लहान घरांसाठी राखून ठेवावा, ही मागणी अवास्तव कशी? ती सिडकोकडे लेखी करावी, असा ठराव मी आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे ठेवणार आहे. दुसरा ठराव आपल्याच घरचा आहे. या वर्षी लग्नाची नोंदणी केलेली दोन जोडपी परवडणाऱ्या भाड्याच्या खोलीसाठी माझ्या कार्यालयात खेटे घालत आहेत. ज्यांच्या घराला कुलूप आहे, त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर मला भेटावे.