हातावरचे नाणे

गेल्या महिन्यात काही कामानिमित्त आम्हांस इंदूरला जाण्याचा योग आला. मुंबईहून रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने निघावे आणि सकाळी माळव्यात उतरावे, इतका हा प्रवास सोपा आहे. परंतु त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. कारण आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी तेथे मावशीकडे राहून शिकते, आणि तिच्या वडिलांनी निघण्यापूर्वी आम्हांस एक प्रश्न विचारला होता.

ही मुलगी चार वर्षे आमच्या देवळात रविवारच्या मिस्सेला कीबोर्ड वाजवीत असे. गावात त्याला सारे 'कॅसिओ'च म्हणतात. इंदूरला तिला खराखुरा पियानो शिकण्याची संधी मिळाली. सहा महिने होतात न होतात तोच घरी निरोप आला की, उजवे मनगट कोपरापर्यंत ठणकते, रात्री पेन धरवत नाही, आता हे वाजवणे नको. वडील आमच्याकडे आले व म्हणाले, "फादर, पोरीला तुम्हीच शिकवलंत. आता तुम्हीच सांगा, सोडू द्यायचं का?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांस तो लागला. सेमिनरीत असताना एका वृद्ध शिक्षकांकडे आम्ही पायपेटी शिकलो. ते आमच्या पालथ्या हातावर एक नाणे ठेवीत. वाजवताना नाणे पडले की, धडा पुन्हा पहिल्यापासून! आम्हांस वादन फारसे आले नाही, नाणे मात्र पक्के ध्यानात राहिले. पुढे तेच नाणे आम्ही त्या दहा वर्षांच्या मुलीच्या हातावर ठेवले. "हात हलवू नकोस, बोटे पोलादासारखी कर," असेही सांगितले. शिकवणाऱ्याने जे सोसले तेच तो पुढे शिकवतो, ही खोड धर्मगुरूंनाही सुटत नाही.

इंदूरच्या लाल चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेनंतर मावशी व मुलगी भेटल्या. मावशींच्या शेजारी तबल्याचे एक वयस्क शिक्षक राहतात. त्यांचे घराणे मूळचे साताऱ्याकडील, चार पिढ्या इंदूरकर. मावशी म्हणाल्या, "फादर, एकदा काकांना हात दाखवू या." तबलजीला पियानोचे काय कळणार, असे आमच्या मनात आले. परंतु इंदूर हे हातांचे शहर आहे. पखवाजाचे थोर वादक नाना पानसे एकोणिसाव्या शतकात येथेच होळकर दरबारी होते. उस्ताद अमीर खाँ यांचे बालपण याच शहरात गेले. त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगी वाजवीत आणि अमीर खाँना पहिले धडे मिळाले तेही सारंगीचेच.

काकांनी मुलीची बोटे पाहिलीच नाहीत. त्यांनी आपला तळहात तिच्या कोपराखाली धरला, दुसरा मनगटाखाली, आणि म्हणाले, "बेटा, हात माझ्यावर टाक. मी धरलाय." मग त्यांनी आपले दोन्ही हात एकदम काढून घेतले. मुलीचा हात खाली पडावयास हवा होता. तो हवेत तसाच तरंगत राहिला! मुलगी स्वतःच चकित झाली. "हिला वाटतं, हात सोडलाय," काका आमच्याकडे वळून म्हणाले. "पण खांद्यानं अजून धरलाय. फादरसाहेब, दुखतं ते इथून." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर बोट ठेवले. आम्ही त्यांना नाण्याची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी पेटी आहे आणि मुले ती वाजवतात, म्हणून यातील मर्म थोडे विस्ताराने सांगतो. बोटांत स्वतःचे स्नायू नसतात. काही लहान स्नायू तळहातात असतात. पण बोटे वाकवणारे व उचलणारे जोरकस स्नायू मनगट आणि कोपर यांच्यामध्ये असतात. तेथून दोरीसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात, विहिरीच्या रहाटावरून दोर जावा तशा. मनगट फार वर, फार खाली किंवा एका बाजूस मुडपले की, त्या कंडरा वाकड्या वाटेने घासत जातात. शिवाय वाकवणारे व उचलणारे असे दोन्ही स्नायू एकाच वेळी ताठ केले, तर हात स्थिर दिसतो खरा, पण आतल्या आत तो स्वतःशीच झुंजत असतो. नाणे पडू नये म्हणून मूल नेमके हेच करते. अनामिकेच्या कंडरा तर शेजारच्या बोटांच्या कंडरांशी बांधलेल्या असतात. म्हणूनच मधले बोट दुमडून मेजावर टेकवले, तर अनामिका उचलता उचलत नाही. घरी करून पाहावे. तो तिचा आळस नव्हे, तिची घडणच तशी आहे.

आता वाद्याकडे वळू. पेटीत हवेने पाती कंप पावतात. पट्टी कितीही जोराने दाबा, आवाज वाढतो तो भात्याने. पियानोत पट्टी दाबली की आतील हातोडी तारेवर फेकली जाते, आणि तारेवर आदळण्यापूर्वीच ती पट्टीच्या ताब्यातून सुटलेली असते. पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. तिला हळूच खाली न्यावयास सुमारे पन्नास ग्रॅम वजन पुरते. स्वर उमटल्यावर तळाशी दाबून धरलेला सारा जोर फुकट जातो. आमची मुलगी कीबोर्डाच्या हलक्या पट्ट्यांवरून या जड पट्ट्यांवर आली. तिने आमची शिकवण स्मरून प्रत्येक पट्टी विहीर खणल्यासारखी दाबली.

ही चूक आमचीच नव्हे, जुनी व मोठ्यामोठ्यांची आहे. १८१४ साली डब्लिनमधील लोजिये या संगीतशिक्षकाने हात जखडून ठेवणाऱ्या एका लाकडी चौकटीचे पेटंट घेतले, आणि ती चौकट युरोपभर खपली. रॉबर्ट शूमान हा तरुण पियानोवादक होण्यासाठी लाइपझिग येथे शिकत होता. बोट बळकट व्हावे म्हणून त्यानेही एक यंत्र वापरले. १८३२ च्या सुमारास त्याचे उजव्या हाताचे मधले बोट निकामी झाले. कारणाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण मंचावर वाजवण्याची त्याची आशा संपली एवढे खरे. तो श्रेष्ठ संगीतरचनाकार झाला. त्याच्या रचना पत्नी क्लारा हिने लोकांपुढे वाजवल्या.

त्याच्याच वयाच्या शोपँने उलटी वाट धरली. विद्यार्थ्याचा हात तो प्रथम सोप्या दिसणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवीत नसे. आपल्या पेटीच्या भाषेत सांगावयाचे, तर अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटे काळी तीन, चार व पाचवर आणि करंगळी पांढरी सातवर. लांब बोटांना उंच पट्ट्या, आखूड बोटांना खालच्या; त्यामुळे हात आपोआप सहज गोलाई घेतो. सर्व बोटे एकसारख्या ताकदीची करण्याचा खटाटोप त्यास मान्य नव्हता. १८४९ साली तो वारला, तेव्हा शिकवण्याच्या पद्धतीवरील त्याची टिपणे अपुरीच राहिली होती.

काकांना हे सारे ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणाले की, सारंगीत तार नखाच्या मुळाशी दाबतात, तबल्यात बोटाच्या टोकाने नाद काढतात. बोट कोठे ठेवावे हे वाद्य ठरवते, परंतु हात सैल हवा हे सर्व वाद्यांस सारखेच. आम्हांस आमच्या गावच्या बायका आठवल्या. भाकरी थापताना त्यांचे मनगट किती मोकळे असते! आणि विळा आवळून धरणारा नवखा मजूर दुपारच्या आतच थकतो.

मुलीस मावशींनी डॉक्टरांकडे नेले. कंडरांना सूज आहे, तीन आठवडे वाजवणे बंद, असे त्यांनी सांगितले. ते उचित झाले. सैल हाताच्या गोष्टींनी सूज उतरत नाही. बोटांना मुंग्या येत असतील, अथवा ठणका रात्रीही राहत असेल, तर कोणीही "सरावाने जाईल" म्हणून बसू नये. पुढे तिच्या शिक्षिकेने बैठक उंच केली, कोपर पट्ट्यांच्या पातळीस आणले. आता ती दहा मिनिटे वाजवते, हात मांडीवर टाकून देते, मग पुन्हा दहा मिनिटे. नाताळला ती वाजवील किंवा नाही, हे आम्ही तिच्यावर सोपवले आहे.

वडिलांना आम्ही सारे सांगितले, नाण्यासकट. ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग फादर, धाकट्याला कसं शिकवणार?" धाकटा आठ वर्षांचा आहे, स्टुलावर बसला की त्याचे पाय लोंबकळतात. गेल्या बुधवारी आम्ही त्याच्या पायांखाली दोन विटा ठेवल्या, आणि पेटी उघडण्यापूर्वी त्यास त्याचा हात आमच्या हातावर टाकावयास सांगितला. पहिल्या खेपेस तो पडला नाही. चौथ्या खेपेस पडला, आणि मुलगा खदखदून हसला.