कमी युनिट म्हणजे काटकसर नव्हे

नांदेड-लातूरच्या आमच्या वस्त्यांमध्ये मे महिन्यात दुपारी तीन वाजता पत्र्याच्या खोलीत कोणी थांबत नाही. म्हातारी माणसे लिंबाखाली, नाहीतर विहाराच्या सावलीला बसलेली असतात. घरातला पंखा बंद, मीटर जवळपास थांबलेले. आता याच मीटरचे आकडे संगणकाला वाचायला दिले तर तो काय म्हणेल? म्हणेल, घर उत्तम आहे, वीज वाया घालवत नाही.

आमचे भांडण इथून सुरू होते.

घरातला विजेचा वापर सुधारण्यासाठी डेटावर चालणाऱ्या मॉडेलांची सध्या बरीच चर्चा आहे. मीटरची नोंद, हवामान आणि घराचे क्षेत्रफळ संगणकाला द्यायचे; कोणते घर गरजेपेक्षा जास्त वीज खाते ते त्याने शोधायचे, आणि छप्पर सुधारावे की पंखा बदलावा ते सांगायचे. कल्पना वाईट नाही. आम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक नाही, असूही शकत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना, १९४२ ते १९४६ या काळात, देशाच्या वीजविकासाचे धोरण बाबासाहेबांच्याच हाताखाली आकाराला आले. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली त्याच खात्यातून उभे राहिले. वीज स्वस्त आणि मुबलक असावी, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून आम्ही मीटरला घाबरत नाही. त्या आकड्यांचा अर्थ कोण लावणार, एवढेच विचारतो.

स्मार्ट मीटरवरून राज्यात गदारोळ झाला. सर्वसामान्यांच्या घरी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवणार नाही, असे सरकारला जून २०२४ मध्ये जाहीर करावे लागले. नंतर तेच तंत्र पोस्टपेड होऊन टीओडी मीटर या नावाने दारात आले. हे मीटर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने वापर नोंदवू शकते. म्हणजे घरात कोण कधी उठते, कधी झोपते, घर कधी रिकामे असते, हे सगळे त्यातून कळते. ही नोंद ज्याच्या घरातली आहे त्याला ती कळेल अशा रूपात मिळाली पाहिजे, आणि त्याला न विचारता दुसऱ्या कोणाला देता कामा नये.

जुलै २०२५ पासून या मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत जाहीर झाली. पण त्या वेळेत आमची माणसे कुठे असतात? कोणी मोंढ्यात पोती उचलत असते, कोणी बांधकामावर, कोणी दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करत. दिवसा वॉशिंग मशीन लावणाऱ्या घराला सवलत मिळते. ते मशीन सुरू करून देणाऱ्या बाईच्या घरी मात्र तेव्हा कुलूप असते.

आणखी एक गोष्ट, जी कोणतेही मॉडेल स्वतःहून ओळखणार नाही. एकाच मीटरवर दोन भावांचे संसार असतात, कारण जागेचा कागद नसला की वेगळे मीटर मिळवणे अवघड. दोघांचे सत्तर-सत्तर युनिट. मीटर वेगळे असते तर दोघेही शंभरच्या आत राहिले असते. एकत्र १४० झाले की वरच्या ४० युनिटांना जवळपास दुप्पट दर लागतो. वर संगणकाच्या यादीत हे घर 'उधळे' ठरते. पत्र्याखाली न पेटलेला पंखा काटकसर आणि दोन चुली उधळपट्टी! अशा यादीवरून उद्या अनुदान वाटले तर ते कुणाच्या वाट्याला जाईल, हे सांगायला संगणक लागत नाही.

मग मोजायचे काय? आधी खोलीतली उष्णता मोजा, युनिट नंतर. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाने माळवदाचा आणि दगडी भिंतींचा धसका बसला. लोकांनी पत्रा जवळ केला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. जाड भिंतींचा गारवा मात्र गेला. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणले आणि सरकारी योजनेतली गरिबांची घरे त्यात धरली. आपल्याकडे रमाई आवासच्या घरकुलात छपराला ऊन परतवणारा पांढरा रंग का नको?

पंख्याचा हिशेबही साधा आहे. जुना पंखा ७५ वॅटचा. बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे ११ युनिट. पण तो महाग. शंभर युनिटांच्या आतल्या घराला तो हप्त्याने मिळावा, ही मागणी आम्ही रेटणार आहोत. एलईडी दिवे सरकारी योजनेतून स्वस्तात मिळाले, मग पंखा का मिळू नये?

यासाठी आकडे आपल्याच हातात हवेत. प्रत्येक वस्तीतल्या दोन-तीन शिकलेल्या पोरांनी दहा-वीस घरे धरावीत. बिलावर छापलेला मागच्या महिन्यांचा वापर वहीत उतरवावा. छप्पर कशाचे, एका मीटरवर किती चुली, दुपारी तीनला आणि रात्री दहाला खोलीत पारा किती, हेही लिहावे. संमती घेऊनच, आणि वहीत नाव नको, घराला नुसता क्रमांक द्यावा. साधे थर्मामीटर पुरते. डीजेच्या खर्चातून थोडे बाजूला काढले तर अख्ख्या वस्तीला थर्मामीटर येतील. हे लिहिल्यावर काही मंडळे आमच्यावर चिडतील, चिडू द्या. जयंती एप्रिलात येते आणि पत्रा तापायला लागतो तोही तेव्हाच. पहिली नोंद १४ एप्रिलच्या दुपारची असू द्या.

जय भीम!