कौशल्याचे वतन होऊ नये

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथे सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करीत आहेत. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या घरांतील मुले संगणकाच्या भाषा लिहितात, याचा आम्हां शिक्षकांना सार्थ अभिमान आहे. परंतु अभिमानाच्या भरात एका प्रश्नाकडे दुर्लक्ष होऊ नये. ज्या प्रणालीवर आयुष्याची दहा-बारा वर्षे घातली, तिलाच उतरती कळा लागली तर काय करावे? इतिहासाच्या शिक्षकाने यात पडू नये, असे कोणी म्हणेल. आमच्या मते हा प्रश्न जितका तंत्रज्ञानाचा, तितकाच इतिहासाचा आहे.

प्रणाली एका रात्रीत मरत नाही. एके काळी संकेतस्थळांवरील खेळ, हलती चित्रे आणि चित्रफिती ‘फ्लॅश’वर चालत. एप्रिल २०१० मध्ये अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन-आयपॅडवर फ्लॅश का नको, हे जाहीर पत्राने सांगितले. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोब कंपनीने मोबाइल ब्राउझरसाठी फ्लॅशचा विकास थांबवला. जुलै २०१७ मध्ये तिने अखेरची मुदत जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला. पहिल्या ठळक इशाऱ्यापासून शेवटापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. फॉक्सप्रोची कथाही अशीच आहे. पुढील आवृत्ती निघणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये सांगितले, पण आधार जानेवारी २०१५ पर्यंत चालू ठेवला. अवधी मिळतो, त्याचा उपयोग किती जण करतात, हा खरा प्रश्न आहे.

अवधी वाया जातो, कारण मधल्या काळात पगार चालू असतो. येथे आपल्याच इतिहासाची आठवण होते. महार वतनाने आपल्या पूर्वजांना थोडी जमीन आणि थोडे बलुते दिले. त्या बदल्यात त्यांना गावकीच्या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवले. हा तुटपुंजा पण हमखास आधार हीच बेडी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. १९३६ सालच्या ‘जातिभेद निर्मूलन’ या प्रबंधात त्यांनी त्यामागचा अर्थशास्त्रीय विचार सांगितला. उद्योगधंदे स्थिर नसतात. ते बदलले की माणसाला धंदा बदलण्याचे स्वातंत्र्य हवे. जात ते स्वातंत्र्य नाकारते, म्हणून ती बेकारीचे एक कारण ठरते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. जे स्वातंत्र्य बाबासाहेबांनी लढून मिळवून दिले, ते एखाद्या कंपनीच्या प्रणालीपायी आपणच गहाण टाकावे काय? ‘मी अमुकच प्रणालीचा माणूस’ असे म्हणणे हे नवे वतन पत्करणे होय.

याचा अर्थ जुने ते सर्व तत्काळ सोडावे, असा नव्हे. १९५९ साली जन्मलेली कोबॉल ही भाषा बँका आणि सरकारी यंत्रणांत आजही चालते. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या संकटात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे, असे जाहीर आवाहन करावे लागले. मग फ्लॅश गेले आणि कोबॉल का टिकले? फ्लॅशमधील खेळ वा जाहिरात नव्याने करणे सोपे होते. बँकेचे कोट्यवधी व्यवहार नव्या यंत्रणेत हलवणे अतिशय खर्चाचे आणि जोखमीचे असते. तेव्हा आपल्या प्रणालीवर कोण अवलंबून आहे आणि ती बदलण्याचा खर्च त्यांना किती पडेल, हे प्रथम विचारावे. उत्तर भक्कम असेल तर थांबणेही शहाणपणाचे ठरेल. मात्र नवे काम कमी आणि डागडुजीच अधिक, हे मान्य करून.

दुसरा मार्ग नव्या प्रणालीकडे जाण्याचा. पण आगीतून उठून फुफाट्यात पडू नये. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने आपली सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली स्वीकारण्याचे ठरवले. काही वर्षांतच तीही मागे पडली. एकाच कंपनीच्या हाती असलेल्या प्रणालीपेक्षा अनेकांनी मान्य केलेल्या खुल्या प्रमाणांवर उभे असलेले ज्ञान अधिक टिकते. फ्लॅशची अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आणि ब्राउझरची जावास्क्रिप्ट या एकाच प्रमाणातून निघालेल्या भाषा असल्याने, ज्यांचा पाया पक्का होता त्यांना सर्व काही पहिल्यापासून शिकावे लागले नाही.

तिसरा मार्ग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दहा वर्षे विमा, बँक वा रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला त्या धंद्याचे नियमही कळू लागतात. भाषा जुनी होते, हे ज्ञान तितक्या लवकर जुने होत नाही. त्याच्या बळावर विश्लेषण, चाचणी वा प्रकल्प-व्यवस्थापनाकडे वळता येते.

हे सर्व लिहिताना आम्हांला एका गोष्टीचे भान आहे. ज्याच्या पाठीशी वडिलोपार्जित घर, शेती आणि ओळखीपाळखी आहेत, त्याची चूक सावरली जाते. आपल्या मुलाच्या पगारावर घराचा हप्ता, आईवडिलांचे औषधपाणी आणि धाकट्यांचे शिक्षण अवलंबून असते. खासगी क्षेत्रात आरक्षणाचा आधारही नाही. म्हणून ‘नोकरी सोडा आणि नवे शिका’ हा उपदेश आम्ही करणार नाही. नोकरी हातची न सोडता आठवड्यातले ठरावीक तास नव्या अभ्यासाला द्यावेत. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत मोठे कर्ज काढू नये. पालकांनीही, नव्या कामात पगार काही काळ कमी झाला, तर ती मुलाची अधोगती समजू नये आणि नातेवाइकांत त्याचा कमीपणा मानू नये.

सर्व संस्कार अनित्य आहेत, हे तथागतांचे वचन आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. अनित्यतेची जाणीव माणसाला हताश करण्यासाठी नाही, वेळीच जागे करण्यासाठी आहे. पण जागे होण्याचा भार एकेकट्या विद्यार्थ्यावर टाकणे बरे नव्हे. माजी विद्यार्थी संघाने दोन कामे हाती घ्यावीत, अशी आमची सूचना आहे. या क्षेत्रातील ज्येष्ठांनी वर्षातून दोनदा धाकट्यांसोबत बसून, कोणत्या प्रणालींवर नवे काम मिळते आणि कोणत्यांवर केवळ डागडुजी उरली आहे, हे स्पष्ट सांगावे. आणि नवे कौशल्य शिकताना ज्यांचे उत्पन्न खंडित होईल, त्यांच्यासाठी बिनव्याजी मदतीचा छोटा निधी उभारावा. शाळेनेही एखादे सॉफ्टवेअर शिकवून समाधान न मानता गणित, तर्क आणि इंग्रजी यांचा पाया पक्का करावा. वतन सोडून शहराची वाट धरणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना पुढे काय आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. आज ते सांगू शकणारी माणसे आपल्यातच आहेत. त्यांनी आता पुढे यावे.