शास्त्रीय गप्पा : पंखांतील मज्जातंतु

बाजारांत मडकें घेणारी गृहिणी तें बोटाच्या पेरानें वाजवून पाहते. आवाज बद्द आला कीं, तडा दिसो वा न दिसो, तें परत ठेवते. विमानें तपासणारे कारागीरहि कित्येकदां असेंच करतात, असें सांगितल्यास वाचकांस थट्टा वाटेल. पण नाण्यानें अगर लहानशा हातोडीनें पंख ठोकून ऐकण्याची ही रीत खरोखरीच रूढ आहे.

याचें कारण असें. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला मार बसला तर पोचा पडतो व तो दिसतो. परंतु २०११ सालीं प्रवाशांच्या सेवेंत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या सांगाड्याचा, वजनानें पाहिल्यास, सुमारें निम्मा भाग कार्बनचे तंतु व राळ यांच्या थरांचा आहे. गोधडीसारखे थरावर थर रचून, दाबाखालीं सुमारें १८० अंश सेल्सिअस उष्णतेवर ते एकजीव करतात. अशा पंखावर कारागिराच्या हातून पाना निसटला तर वर खूण दिसेल न दिसेल. आंतले थर मात्र सुटलेले असूं शकतात. आमचीं मुलें-नातवंडें याच विमानांत बसून समुद्रापार जातात!

तेव्हां पंखालाच मज्जातंतु द्यावे, ही कल्पना निघाली. थर रचतांनाच कांचेचा बारीक तंतु आंत घालावयाचा. १९७८ सालीं कॅनडांत केनेथ हिल व त्यांचे सहकारी यांस आढळलें कीं, अशा तंतूंत प्रकाशाच्याच साह्यानें समान अंतरावर सूक्ष्म रेघा उमटवितां येतात. या रेघा एकाच ठराविक तरंगलांबीचा प्रकाश मागें परतवितात. तंतु ताणला गेला कीं ती लांबी किंचित् वाढते. दहा लाखांत एक भाग इतका ताण बसला, तर फरक पडतो सुमारें १.२ पिकोमीटर; म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील जेमतेम सव्वा भाग! तोहि मोजतां येतो. नेहमींपेक्षां निराळा ताण दिसला कीं आंत कांहीं सुटल्याचा संशय घ्यावयाचा. (उष्णतेनेंहि हा फरक पडतो, म्हणून तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.)

खरी अडचण पुढेंच आहे. कार्बनचा तंतु सुमारें ७ मायक्रोमीटर जाडीचा, तर हा कांचेचा पाहुणा १२५ मायक्रोमीटरांचा, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या थराएवढा. तो आडवा घातला तर शेजारचे तंतु त्याला वळसा घालतात आणि दोन्ही बाजूंस नुसत्या राळेचा डोळा उरतो. व्याधि ओळखण्यासाठीं ठेवलेला पहारेकरीच व्याधीचें मूळ व्हावयाचा! शेजारच्या तंतूंना समांतर ठेवल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो. परंतु कडेला, जेथें तो बाहेर येतो, तेथें तो मोडतो. आणि आंत तुटलेला तंतु बदलतां येत नाहीं.

यास्तव कित्येकजण तो वरूनच चिकटवितात. नासानें २००८ सालीं इखाना या चालकरहित विमानाच्या पंखांवर असेच तंतु लावून उड्डाणें केलीं. वरचा तंतु बिघडला तर दुसरा लावतां येतो. पण खोलवरच्या थरांची हकीकत त्याला आंतल्याइतकी नीट कळत नाहीं. आमच्या मतें, जाड सांध्यांत, जेथें मागाहून हात वा डोळा पोंचत नाहीं, तेवढ्याच ठिकाणीं तंतु आंत घालण्याचा धोका पत्करावा.