कृत्रिम हाड 'इम्पोर्टेड' असून भागत नाही

ऑपरेशनआधी फिटनेससाठी येणारे रुग्ण हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टर, हाडातली पोकळी भरायला कृत्रिम हाड टाकणार आहेत. इम्पोर्टेड घ्यावं का?" पैसे तुमचे जाणार, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. पण माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : ते स्वीकारायला माझं शरीर तयार आहे का?

हे कृत्रिम हाड म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियम फॉस्फेट. आपल्या हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग याच जातीच्या खनिजाचा असतो, म्हणून शरीर त्याला सहसा परकं मानत नाही. कल्पनाही नवी नाही. अमेरिकन सर्जन फ्रेड अल्बी यांनी १९२० मध्येच असा प्रयोग प्रसिद्ध केला होता.

हे दाणे आत गेले की लगेच त्यांच्यावर रक्तातली प्रथिनं चिकटतात. पेशी पकडतात ते या थराला. आधी साफसफाई करणाऱ्या पेशी येतात. मग दाण्यांच्या छिद्रांतून बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्यासोबत हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. दुसरीकडे ऑस्टिओक्लास्ट पेशी दाणे हळूहळू विरघळवतात आणि मोकळ्या जागेत तुमचं स्वतःचं हाड तयार होतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत ते एक-दोन वर्षांत विरघळतं. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट मात्र वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून पुढच्या एक्स-रेमध्ये पांढरे दाणे दिसले, तर तेवढ्यावरून घाबरू नका.

थोडक्यात, हा पदार्थ म्हणजे इमारतीची परांची. गवंडी तुमचेच. तंबाखू, सिगारेट, मिश्री यांतल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि गवंड्यांपर्यंत रसद पोचत नाही. साखर सतत वाढलेली असेल तर हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. 'ड' जीवनसत्त्व कमी असेल तर नव्या हाडात खनिज नीट भरत नाही. महागडा माल ही उणीव भरून काढत नाही.

आणखी एक. हा पदार्थ ठिसूळ असतो. दाब बऱ्यापैकी सोसतो, पण वाक आणि पीळ सोसत नाही. म्हणून गरजेनुसार प्लेट-स्क्रू लागतात आणि सांगितल्याआधी पायावर भार द्यायचा नसतो.

सर्जनना जरूर विचारा : ग्राफ्टची गरज आहे का? माझ्याच कमरेच्या हाडाचा तुकडा चालेल का? त्यात जिवंत पेशी असतात, म्हणून तो आजही सरस मानला जातो, फक्त त्यासाठी वेगळी जखम करावी लागते. कृत्रिम हाड वापरणार असाल तर कुठलं आणि का?

आणि ऑपरेशन ठरलेलं असेल तर आजपासून तंबाखू बंद करा, एचबीए१सी तपासून घ्या, चालू औषधांची यादी, विशेषतः स्टेरॉइडची, डॉक्टरांना दाखवा. यातल्या बहुतेक गोष्टींना खर्च नाही.