लादी कुणाची, दोष कुणाचा?

मुलुंड-घाटकोपरच्या टॉवरमध्ये आता लाकडासारखी दिसणारी व्हिनाइल लादी बसते. पट्टीची कड उचलली, की निकाल तयार: "बाईने पाणी ओतलं." आमचा प्रश्न एवढाच, की तिला सांगितलं होतं कुणी? सूचनापत्रक इंग्रजीत, मालकाच्या कपाटात. पगार मात्र तिचा कापायचा!

ही लादी राखणे अवघड नाही. आधी मऊ झाडूने रेती काढा, नाहीतर ओरखडे पडतात. मग सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके, शेवटी कोरडे फडके. जास्त पाणी सांध्यांतून खाली उतरते. ॲसिड, ब्लीच नको. रबरी पायपुसणेही डाग पाडते.

हे सांगणे उपकार नव्हे, मालकाची जबाबदारी आहे. राबायचे तिने आणि ज्ञान ठेवायचे मालकाने, ही जुनीच मनुवादी वाटणी. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्यात २००८ साली झाला. नोंदणीविना तो कागदच.

साथींनो, वस्तीत नोंदणी करून घ्या, सूचना मराठीत लिहून वाटा. आणि आपल्यातले जे टॉवरमध्ये पोहोचले, त्यांनी विसरू नये: दुसऱ्यांच्या लाद्या पुसूनच आपल्या आयांनी आपल्याला शिकवले. फडके स्वतःही हातात घ्या.

जय भीम!