चावडीवरचा विश्लेषक

आज मध्यमवर्गीय घरांतील अनेक मुले-मुली ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ म्हणून नोकरीस लागतात. परंतु घरातील वडीलधाऱ्यांना या पदाचा नेमका अर्थ उमगत नाही. ही व्यक्ती प्रोग्राम लिहीत नाही, माल विकत नाही आणि हिशेबही ठेवत नाही. मग ती करते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर सातबाऱ्याच्या संगणकीकरणात सापडते.

गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्कांची नोंद असते, तर बारामध्ये पिकांची. पिढ्यानपिढ्या तलाठ्याच्या दप्तरात हाताने लिहिले गेलेले असे सुमारे अडीच कोटी उतारे महाराष्ट्राने संगणकावर आणले. वरकरणी हे काम नक्कल उतरविण्याचे. प्रत्यक्षात मात्र कोठे खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळेना, तर कोठे नावांतच तफावत निघाली.

याचे कारण यंत्राच्या दोषापेक्षा कामाच्या स्वरूपात अधिक आहे. कागद सोशिक असतो. न जुळणारी बेरीजही तो वर्षानुवर्षे पोटात ठेवतो. यंत्र तिथेच अडून बसते. शिवाय, नावाला कंस झाला की त्या नोंदीचा हक्क संपला, हे तलाठ्याला सांगावे लागत नाही. परंतु केवळ टंकलेखन जाणणाऱ्याला ते कोणी सांगायचे? दप्तरातील अर्धे ज्ञान कागदावर असते, उरलेले अर्धे ते हाताळणाऱ्याच्या डोक्यात. हे दुसरे अर्धे ज्ञान बदलापूर्वीच उजेडात आणणे, हेच विश्लेषकाचे खरे कार्य होय.

पुढे ‘री-एडिट’ची दुरुस्ती मोहीम निघाली. 2017 मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले. उतारे जाहीरपणे वाचून दाखवून खातेदारांचे आक्षेप घेण्यात आले. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. हे यश निःसंशय मोठे आहे. तथापि, चावडीवाचन हे विश्लेषणच होते. ते आरंभी होते, तर दुरुस्तीचा केवढा तरी खटाटोप वाचला असता. उताऱ्यातील एका चुकीपायी शेतकऱ्याचे पीककर्ज अडते, भावाभावांत वाद पेटतो. बदलाची किंमत अशी तळातल्या माणसाला मोजावी लागते.

बँक असो, कारखाना असो वा सरकारी खाते, वरिष्ठांच्या अपेक्षा टिपून घेणारा विश्लेषक हा केवळ लेखनिक ठरतो. जो काम करणाऱ्याशेजारी बसतो, त्याची भीती समजून घेतो, नवी पद्धत लागू झाल्यावरही पुन्हा तेथे जातो आणि प्रसंगी ‘अजून सिद्धता नाही’ असे वरिष्ठांना स्पष्टपणे सुनावतो, तोच बदलाचा खरा सारथी. आपल्या मुलांना या पदाचे वेतन ठाऊक असतेच. त्याचे उत्तरदायित्व त्यांना घरातूनच समजावले गेले पाहिजे.